मिस फर्नेसचे ढग

हे कागद वाचले जातील तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात जे बसले असतील, त्यांची आधी विचारपूस. ओपलताई, गुडघा काय म्हणतो? डायना, खोकला गेला का गं? अमाटो वकीलबाई, आईंचे डोळ्याचे ऑपरेशन नीट झाले ना? आणि रँडल स्ट्रेक, तुमची छाती ठणठणीत असो. चौथे कलम तुम्हाला शेवटपर्यंत ऐकायचे आहे.

मी, व्हर्ना लिंडक्विस्ट, वय अडुसष्ट, राहणार ब्रिजपोर्ट, चित्रकथांच्या पानांवर अक्षरे लिहिण्यात हयात घालवलेली बाई, डोके ताळ्यावर असताना आणि कोणी भरीस घातलेले नसताना हे लिहून ठेवते. याआधी काही लिहिले असेल तर ते रद्द समजावे.

एक. घर ओपलताईचे. शेगडीचे दार लाथ घातल्याशिवाय लागत नाही. लाथ घालताना ताईने जहाजांच्या कारखान्यातला आपला मुकादम आठवावा, म्हणजे एकाच लाथेत काम होईल.

दोन. टाक, शाई आणि तिरके टेबल भाची डायनाला. टेबलावर कपडे वाळत घालू नयेत.

तीन. पलंगाखालच्या खोक्यातली ‘मिस फर्नेस’ या चित्रकथेची मूळ पाने गावच्या सार्वजनिक वाचनालयाला. ती माझीच आहेत. ऑफिस हलवताना प्रकाशक मिल्टन स्ट्रेक यांनी ती कचऱ्यात काढली आणि मला म्हणाले, “ने पोरी, फडताळात अंथरायला होतील.” तेव्हा लॉरेन शेजारी उभी होती, खाली तिची सही आहे.

दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर होते आणि बायका भट्ट्यांवर. म्हणून आमची मिस फर्नेसही पोलाद वाकवायची आणि सेनापतींना तोंडावर सुनवायची. “बाजूला व्हा जनरल, मिशा जळतील!” हे मी दर अंकात ठळक अक्षरांत लिहायचे, आणि शाळेतल्या पोरी ते एकमेकींना म्हणायच्या. मग शिपाई परतले. ओपलताईला कारखान्याने फुलांचा गुच्छ देऊन घरी धाडले. त्याच आठवड्यात मिस फर्नेसला एप्रन आणि होणारा नवरा मिळाला. तयार झालेली, छापायची राहिलेली पाने घेऊन स्ट्रेक माझ्या टेबलापाशी आले.

“पोरी, हिचे बोलण्याचे फुगे झाक. ढग कर.”

फुग्याला तोंडाकडे जाणारी शेपटी असते. ढगातले सगळे मनातल्या मनात.

“म्हणजे ही बोलणार नाही?”

“विचार करेल की! वाचणाऱ्याला कळलं म्हणजे झालं, जनरलला ऐकू जायला नको.”

“हे तुमच्या बायकोला विचारलंत?”

“ती ढगातच असते,” म्हणत ते पोट धरून हसले.

मी कागदाचे ढग कापले. मिशांच्या वाक्यावर ढग आला: ‘अगंबाई, जनरल रागावले तर नसतील?’ सगळे ढग डकवले, पण खळीने नाही, रबराच्या डिंकाने. खळ जन्माची धरते. रबराचा डिंक म्हातारा झाला की वाळून सोडतो. मी तो मुद्दाम निवडला, आणि वाट बघत बसले.

गेल्या हिवाळ्यात तो पलंगाखालचा खोका उघडला. ढग पाचोळ्यासारखे गळून तळाशी पडले होते, आणि वर मिस फर्नेस बोलत होती.

चार. रँडल वसंतात केक घेऊन आले. “व्हर्ना मावशी, बाबांच्या नावाचं प्रदर्शनाचं दालन उघडतोय. ‘यांनी स्त्रीला वाचा दिली’ असं दारावर लिहिणार. तेवढी मिस फर्नेसची पानं द्या.” मी कॉफी पाजून त्यांना दारापर्यंत सोडले. उत्तर आता सांगते. रँडल यांना एकही पान मिळू नये. मिळावा तो बिस्किटांचा डबा, त्यात गळलेले सगळे ढग आहेत. वडिलांची कमाई मुलाकडेच जावी. दालनात खुशाल मांडा.

वाचनालयाने पाने आहेत तशी लावावीत आणि खाली लिहावे: ‘हे फुगे मिल्टन स्ट्रेक यांच्या हुकमावरून झाकले होते.’ कोणाच्या भिडेने एक जरी ढग पुन्हा चिकटवला, तर सगळी पाने डायनाची.

पाच. माझ्या शवपेटीवर स्ट्रेक कंपनीचा गुच्छ नको. आमच्या घरात गुच्छाचा अर्थ काय, ते ओपलताई सांगेल.

अंमलबजावणी अमाटोबाईंनी करावी. रँडल, राग आला असेल तर त्यांच्या पत्त्यावर लवकर उत्तर लिहा. त्या ओपलताईला मोठ्याने वाचून दाखवतील. फक्त शेपटीच्या फुग्यात लिहा. ढगात नको.

सही: व्हर्ना लिंडक्विस्ट

साक्षीदार:
लॉरेन बेकेट, चित्रकथांची रंगारीण (निवृत्त)
स्टॅनली वॉयचिक, शेजारचे बेकरीवाले

ब्रिजपोर्ट, कनेक्टिकट
१४ ऑक्टोबर १९८७