सात सेंटीमीटरांची तफावत

मंगळवार, २७ जानेवारी

प्रिय वेंडेलिन,

दोन घरे सोडून राहणाऱ्या सख्ख्या भावाला टपालाने पत्र पाठवणे हास्यास्पद आहे, याची मला कल्पना आहे. पाकिटावरचा पत्ता वाचून आपला पोस्टमास्तर फिडेल काय शेरा मारील, तोही मी आताच सांगू शकतो. परंतु समोरासमोर हा विषय काढला की तू गाईंच्या चाऱ्यावर येतोस, आणि मला मुद्दा शेवटापर्यंत मांडल्याशिवाय चैन पडत नाही. येत्या रविवारी माथ्यावरून गावाची उतरण आहे. चाळीस माणसे स्कीवरून तुझ्यामागोमाग चर्चच्या दारापर्यंत येतील, आणि त्यांत यंदा मीही असावे असा आग्रह तू धरला आहेस. हा आग्रह मला गेले पाच दिवस संशयास्पद वाटत आहे. का, ते क्रमाने सांगतो.

गुरुवारी आपण सारे खानावळीत जेवायला थांबलो होतो. बाहेरच्या लाकडी चौकटीत सर्वांच्या स्कीच्या फळ्या ओळीने उभ्या होत्या. माझ्या फळ्या तू स्वतः बनवल्या आहेस आणि त्यांवर १७२ हा आकडा तूच उमटवला आहेस. डावीकडे फिडेलच्या, दुकानातून घेतलेल्या, १७०च्या. वास्तविक माझी टोके त्याच्यापेक्षा दोन सेंटीमीटर वर हवीत. ती चांगली पाच सेंटीमीटर खाली होती. फिडेल म्हणाला, “काय हो मोजपट्टी, उन्हात ठेवल्या होत्या का? आटल्या वाटतं.” सगळे हसले. तू हसला नाहीस. माझ्या फळ्या उचलून गाडीवर चढवत तू म्हणालास, “दादा, मी टोकाच्या वळणावरून मोजतो, दुकानवाले सरळ मोजतात. एवढंच.” स्पष्टीकरण सयुक्तिक होते. फक्त मी ते मागण्यापूर्वीच आले.

घरी येऊन मी पोलादी टेप काढला. सरळ मोजल्यावर १६५. वळणावरून मोजल्यावर १६६.५. मग तळघरातून आधीच्या दोन्ही हिवाळ्यांतल्या जोड्या वर आणल्या. १६०ची जोडी निघाली १५३ची आणि १६६ची निघाली १५९ची. वेंडेलिन, हात चुकला तर कधी दोनने चुकतो, कधी नऊने. सलग तीन वर्षे बरोबर सातचा फरक पडत असेल, तर त्याला चूक म्हणत नाहीत, धोरण म्हणतात.

धोरणामागचा हेतू शोधताना माझे मन कोणत्या थराला गेले, ते लिहायला मला संकोच वाटतो, पण लिहितो. चौदाव्या वर्षी मी वाणिज्य शाळेसाठी खोरे सोडले आणि त्रेपन्नाव्या वर्षी ग्राट्सच्या विमा कचेरीतून परत आलो, तो या गावात घसरता न येणारा एकमेव पुरुष म्हणून. तू मला शिकवायला तयार झालास, तेव्हाच मी अट घातली होती की पोरासोरांच्या फळ्या मी पायात घालणार नाही, १६०च्या खाली एक सेंटीमीटरही नको. बाबांच्या काळी हात वर करायचा आणि फळी मनगटाला टेकली पाहिजे असा दंडक होता. दोन मीटरच्या आतली फळी म्हणजे बायकी, असे भर खानावळीत म्हणत. ते ऐकतच मी वाढलो. तू लगेच “बरं, दादा” म्हणालास. तू कोणतीही गोष्ट वाद न घालता मान्य करत नाहीस, हे मला तेव्हाच खटकायला हवे होते. आता मला वाटू लागले की साऱ्या गावाला हे ठाऊक आहे, आणि रविवारी खऱ्या पुरुषांच्या रांगेत आखूड फळ्यांवरचा हिशेबनीस दाखवून वर्षभराची करमणूक साधायची आहे. मी तुझ्या रोस्विथाला विचारले. ती म्हणाली, “भावजी, तुमच्या भावालाच विचारा. मला फळ्यांतलं काय कळतं.” लग्नाआधी स्कीच्या शर्यतीत जिल्ह्यात पहिली आलेली ही बाई. माझा संशय दुणावला.

शुक्रवारी दाढ दाखवायला जातो असे सांगून मी खालच्या शहरात गेलो. दात ठीक आहेत. मी एका अनोळखी दुकानात गेलो. तिथे आनेलीस नावाची तिशीतली बाई होती. उंची १७४, वजन ८१, हे मी खरे सांगितले. सराव किती, यावर मात्र “पुष्कळ” म्हणालो. तिने माझ्याकडे नीट पाहिले. “काका, पुष्कळ म्हणजे काय? भीती कुठं वाटायला लागते ते सांगा, त्यावरून लांबी सांगते.” तीन हिवाळ्यांत हे मला कोणी विचारले नव्हते. मी सांगितले की रुंद उतारावर आता वेगाची गंमत वाटते, वळणे एकाला एक जोडता येतात, पण उतार उभा झाला की शरीर मागे झुकते. तिने एकेक फळी माझ्यापुढे उभी केली. शिकाऊ माणसाला हनुवटीपर्यंतची, कारण ती चटकन वळते आणि चुका पोटात घालते. वळणे जमू लागली की नाकापर्यंतची. वेग अंगवळणी पडला की कपाळापर्यंतची, कारण लांब फळी वेगात थरथरत नाही. मात्र ती वळवायला पायात खात्री लागते. वजनदार माणसाला किंचित अधिक. “तुम्हाला १६५,” ती म्हणाली. मी १७२चा हट्ट धरला. “देते की. पण आठवड्यानं परत घेऊन आलात तर मी ओळख दाखवणार नाही.”

मी काही न घेता बसमध्ये बसलो. १५३ म्हणजे माझी हनुवटी. १५९ म्हणजे नाक. १६५ म्हणजे कपाळ. दर हिवाळ्यात माझी प्रगती पाहून तू मला अचूक लांबी दिलीस आणि वर माझ्या अहंकाराच्या मापाचा आकडा छापलास. खरा आकडा छापला असतास, तर मी ती फळी घेतली नसती, आणि आज मला घसरताही येत नसते. हे मी मान्य करतो. माझ्यापुरते प्रकरण इथे मिटले.

परंतु तपासणीची सवय एका नोंदीवर थांबत नाही. बसमध्ये मला चौकटीची उजवी बाजू आठवली. तिथे तुझ्या फळ्या होत्या, १८३च्या. माझ्या खरोखर १६५ असतील, तर तुझी टोके अठरा सेंटीमीटर वर दिसायला हवी होती. ती जेमतेम तीन बोटे वर होती.

शनिवारी तू दूध घालायला गेलास, तेव्हा मी तुझ्या कामशाळेत शिरलो. विनापरवानगी शिरलो, त्याबद्दल क्षमा माग म्हणशील तर मागेन. तुझ्या फळ्या १७०च्या आहेत. बूट फळीला धरून ठेवणाऱ्या खटक्याच्या स्प्रिंगचा आकडाही मी पाहिला. मी गावी परतलो त्या वर्षी तू तो नऊवर असल्याचे अभिमानाने दाखवले होतेस. आता तो साडेपाचवर आहे. गुडघ्यावर भार येण्याआधी बूट सुटावा, म्हणून आकडा उतरवतात, एवढे मी आनेलीसकडून शिकलो होतो.

मग तीनही हिवाळे मला पुन्हा वाचावे लागले. काळ्या पाटीच्या, म्हणजे सर्वांत अवघड, उभ्या उतारावर जायचे ठरले की तू सर्वांदेखत म्हणायचास, “दादा आहे बरोबर, आपण सोप्या वाटेनं जाऊ.” दर सहा वळणांनंतर तू थांबायचास आणि माझे कोपर दुरुस्त करायचास. माझ्या कोपरात काही दोष नव्हता, वेंडेलिन. माझ्यापायी एका कसलेल्या माणसाचे हिवाळे वाया जात आहेत, म्हणून मला रात्रंदिवस अपराधी वाटत असे आणि तू मला तसे वाटू दिलेस. हे मला लागले आहे. लागले म्हणून सांगतो. उत्तराची अपेक्षा नाही. रोस्विथाला माझ्या फळ्यांबद्दल नव्हे, तर तुझ्याबद्दल गप्प राहायचे होते, हेही आता कळले.

हे पत्र लिहिण्याचे कारण असे. गावच्या स्की मंडळाचा चिटणीस म्हणून रविवारचा क्रम मी लावतो आणि तो उद्या सकाळी खानावळीच्या दारावर लागेल. एकोणीस वर्षे तू माथ्यापासून चर्चपर्यंत एकदाही न थांबता सर्वांच्या पुढे आला आहेस; यंदा थांबलास किंवा पुढारपण सोडलेस, तर लोक कारण विचारतील, आणि काळ्या पाटीवर न थांबता उतरलास, तर गुडघा उत्तर देईल. मागे कोणी पडला तर तो उठेपर्यंत सारी रांग उभी राहते, पुढाऱ्यासकट, आणि पडणारा सर्वांना नाशपातीची दारू पाजतो, हा नियम मी कार्यवृत्तात पुन्हा तपासून पाहिला आहे. म्हणून तुझ्यामागे दुसऱ्या क्रमांकावर मी माझे नाव घातले आहे. पाटीच्या मध्यावर, उतार सर्वांत उभा आहे तिथे, मी पडेन. उठायला मी वेळ घेईन. चष्मा शोधीन, खटका दोनदा बसवीन. तेवढ्यात तू पाय मोकळा कर आणि माझ्यावर मनसोक्त ओरड. कोणालाही संशय येणार नाही, माझ्याकडून सर्वांची तीच अपेक्षा आहे. खाली आणखी एकदा थांबावेसे वाटले, तर नुसती टोपी सारखी कर. मी पुन्हा पडेन.

तुझाच,
योडोक