पश्चिमेकडे तोंड केलेलं घर

॥ श्री गणपती प्रसन्न ॥

जहरा, कुवेत
८ फेब्रुवारी २००२

सौ. मालन हिस शत्रुघ्नचे अनेक आशीर्वाद.

मंगळवारी सकाळी दिवा लावून मी रोजच्यासारखं हौदाचं पाणी बागेला सोडलं. पाट भरून पहिल्या संत्र्याच्या मुळाशी पाणी पोचतंय तोच मालकांचा मुलगा यासिर माणसं घेऊन आला. दुपारपर्यंत एकही झाड उभं नव्हतं. पाणी मात्र संध्याकाळपर्यंत आळ्यांत होतं.

आता घरही पाडायचं आहे. इथल्या लढाईनंतरच्या वर्षी मी ते बांधलं, यासिरच्या आईच्या, रुकय्याबाईंच्या सांगण्यावरून. भूमध्य समुद्राकाठी याफा गावी संत्र्यांच्या बागेत त्यांच्या वडिलांचं असंच घर होतं. नऊ वर्षांच्या असताना मुलूख सोडून पळावं लागलं, तेव्हा ते सुटलं. फोटो नव्हता. पिठाच्या परातीत बोटानं काढून दाखवायच्या: मधे मोठं दालन, दोन्ही अंगांना खोल्या, पुढं तीन कमानी, वर तांबडी कौलं. तोंड समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेला. मी मान डोलावली. समुद्र पश्चिमेलाच असतो, हे कोकणातल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. कमानी उभ्या राहिल्यावर कळलं, इथला समुद्र उजाडतो त्या बाजूला आहे. समोर नुसतं वाळवंट. त्यांचे यजमान तेव्हा हयात होते. ते म्हणाले, दोन परगावच्यांनी मिळून आपापलं गाव बांधलंय, राहू दे.

तीच चूक आता यासिर पुढं करतो. सगळी धूळ घरात येते म्हणतो. खोटं नाही. रुकय्याबाई जाब्रियाला इस्पितळात आहेत, बहुतेक परत येणार नाहीत. त्यांना यातलं काही सांगायचं नाही, असं मला बजावलंय. दर शुक्रवारी मी त्यांना बागेतली संत्री नेतो. आज बाजारातली नेली. त्यांनी वास घेतला आणि म्हणाल्या, यंदा पाणी जास्त दिलंस.

मुलांना आशीर्वाद. उत्तर पाठव, माया असू दे.

शत्रुघ्न

॥ श्री ॥

आंबेरवाडी
१७ फेब्रुवारी २००२

अक्षयच्या बाबांना मालनचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. प्राचीची परीक्षा जवळ आली आहे, अक्षयचा खोकला थांबला. काजूला मोहोर बरा आहे. परक्यांना तीन कमानी बांधून दिल्या, मग तुमच्या ओटीचं काय, असं श्यामलाकाकी विचारतात. मी सांगते, आमचा गवंडी लांबून यायचाय.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहिते. मामंजी गेले तेव्हा तुम्हाला कंत्राट संपेपर्यंत सुट्टी नव्हती. सगळ्यांनी ठरवलं, परमुलखात एकटा माणूस आहे, कळवायचं नाही. आपल्याकडे असंच करतात. तीन महिने तुम्ही प्रत्येक पत्राच्या वर ‘ती. बाबांना शि. सा. नमस्कार’ लिहीत राहिलात, आणि मी ‘बरे आहेत’ लिहीत राहिले. तो नमस्कार मी त्यांच्या फोटोसमोर वाचून दाखवायची. तुम्ही आलात, अंगणातून त्यांना हाक मारलीत, ते मी विसरलेले नाही. त्यावरून तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं. सहा वर्षं तुमच्या पत्रांत खुशाली येते, मनातलं येत नाही. हे पहिलंच आलं.

त्या बाईंना काय सांगायचं, ते तुम्ही बघा. मी कोणत्या तोंडानं सांगू.

जेवणाची आबाळ करू नका. आहे ती ओढ तुटू देऊ नका.

मालन

॥ श्री गणपती प्रसन्न ॥

जहरा, कुवेत
२ मार्च २००२

कै. ती. बाबांना शि. सा. नमस्कार.

सौ. मालन हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. गुरुवारी कमानी उतरवल्या. यासिर यंत्र आणणार होता. मी म्हटलं, मी बांधल्यात, मीच काढतो. बांधताना लावला होता तसाच लाकडी साचा खाली लावला आणि माथ्याचा दगड आधी सोडवला. एकही दगड फुटला नाही. कशासाठी जपले, ते ठाऊक नाही.

काल शुक्रवारी रिकाम्या हातांनी गेलो. त्यांनी आधी हातांकडेच पाहिलं. मी सगळं सांगितलं. झाडं, कौलं, कमानी. तीन शुक्रवारची संत्री बाजारची होती, हेही. त्यांनी विचारलं, कमानी कुणी काढल्या. मी म्हटलं, मीच. त्या म्हणाल्या, याफाचं घर पडताना मला कुणी सांगितलं नाही, म्हणून ते माझ्यासाठी अजून उभं आहे. तू हे पाडलंस ते आत्ता, इथं बसून. मग भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, पुन्हा येऊ नकोस.

खरं बोलून हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. तरी सांगितलं याचा पस्तावा नाही. यासिरनं मला महिनाअखेर जायला सांगितलंय. मीही थांबणार नव्हतो.

परतताना बसमध्ये तुझं पत्र पुन्हा काढलं. मालन, मला तीन शुक्रवार झेपले नाहीत. तू तीन महिने वाहिलंस, आणि वर माझा नमस्कार वाचत राहिलीस. सहा वर्षं मी तुला मनातून दोषी धरलं, तेही न बोलता. तेही लपवणंच झालं.

बाबांना नमस्कार लिहायचं मी सोडलं होतं. आज वर लिहिला आहे. पूर्वीसारखा वाचून दाखव.

तुझा,
शत्रुघ्न