सतराचा पाढा

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ठरलं. शनिवारी नातीच्या मॅचला बेलफास्टला मीच जाणार! दुसरं कुणी जाऊच शकत नाही म्हणून. इंद्रनील आणि सूनबाई सोळा वर्षं डब्लिनात राहतात, पण बेलफास्ट पडलं सरहद्दीपलीकडे, इंग्लंडच्या राज्यात; तिथं पाऊल टाकायला त्यांना इंग्लंडचा व्हिसा लागतो, तो अजून अडकलेला. नात तन्वीचा पासपोर्ट आयरिश, तिला अडचण नाही. आणि मी अडीच महिन्यांची पाहुणी — माझा व्हिसा दोन्हीकडे चालतो! "आई, घरात व्हीआयपी तूच," लेक म्हणाला.

पोरगी दोन वर्षं बर्फावरची हॉकी खेळते. डब्लिनात तसं बर्फाचं मैदान नाही, सगळं सरहद्दीपलीकडे, म्हणून घरातल्या कुणी तिचा खेळ एकदाही पाहिलेला नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

केतकीने स्वयंपाकघरात गाठलं. "आई, मागच्या वर्षी खांदा सुजला तर तिनं चार दिवस लपवला. तुम्ही डोळ्यांनी बघा. डोक्याला एकदा जरी लागलं ना, मला सांगायचं. मग तो खेळ बंद."

मी "हौ" म्हटलं. एरवी हसून बोलणारी सून आज हसली नाही.

तन्वी दारात उभी होती. सगळं ऐकलं. मराठी कळते पण बोलते इंग्रजी — मी आल्यापासून एक वाक्य मराठीत नाही! फक्त सतराचा पाढा. तो मी घोटून घेतला. पस्तीस वर्षं गणित शिकवल्याची खोड, दुसरं काय.

१५ नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळ

आत्ताच परतलो.

टीमच्याच बसने गेलो. स्टेडियममध्ये हा गारठा! शालीवर इंद्रनीलचं जॅकेट, तरी दात वाजत होते. तेरा-चौदाची पोरं, पण हेल्मेट-पॅड चढवून एकेक पैलवान. चेंडूऐवजी असते ती काळी चकती मला दिसेचना. मी आपला तन्वीच्या पाठीवरचा नऊ नंबर धरून बसले. पळते काय, वळते काय! बापा, ही आमच्या घरची? "तन्वे, मार!" मी ओरडले. शेजारची बाई दचकली.

मग एका दांडग्या पोराने तिला कठड्यावर ढकललं. पाठीवर पडली. हेल्मेट बर्फावर आपटलं, तो आवाज मी वरपर्यंत ऐकला. हलेना! मी मोजत होते — सहा, सात, आठ... उठली. कोच वाकून काहीतरी म्हणाला. हिने मान हलवली — "ग्रँड." म्हणजे, मी ठीक. इथं सगळंच ग्रँड! दहा मिनिटं बाकावर, आणि पुन्हा खेळायला. मी उठून जायला हवं होतं. नाही गेले. गुडघ्यांचं निमित्त सांगू नये, मला तिचा खेळ बघायचा होता.

चार-तीन. जिंकलो.

बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली. हात धरला. "आजी, सांगू नको ना आईला." मराठीत! मी पाघळलेच. तरी म्हटलं, आधी सतराचा पाढा म्हण. सतरा चोक अडुसष्टला माझे वर्गच्या वर्ग अडायचे, ही अडली नाही. शेवटपर्यंत बिनचूक. म्हणजे डोकं शाबूत की! मग तिने स्कोअर विचारला. थोड्या वेळाने पुन्हा विचारला. मला वाटलं, जिंकल्याचं परत ऐकायचंय.

दारातच केतकी. "लागलं का कुठं?"

"नाही," मी म्हटलं. जीभसुद्धा अडखळली नाही माझी.

तन्वी दोन घास खाऊन झोपायला गेली. दमली असेल.

१६ नोव्हेंबर, रविवार

दोघं तिला हॉस्पिटलला घेऊन गेलेत. मी सगळं सांगून टाकलं.

सकाळी मी चहा टाकत होते. तन्वी जिना उतरून आली, खांद्यावर हॉकीची बॅग. "आजी, यू नॉट रेडी? वी'ल मिस द बस."

कुठली बस गं, मी म्हटलं.

"बेलफास्ट! द मॅच, आजी. यू प्रॉमिस्ड."