झालंच

आर. के. पुरम, नवी दिल्ली
१२ ऑक्टोबर १९९६

तीर्थस्वरूप विशूदादास,

सा. न. इकडे सर्व ठीक. गुणवंतांचा खोकला गेला. नोएडाच्या नव्या बंगल्यात तुमचं बस्तान बसलं असेल आणि त्या इटालियन फरशीवरून अजून कुणी घसरलं नसेल, अशी आशा करते.

परवा तुझा फोन आला तेव्हा फोडणी करपतेय असं सांगून मी ठेवला. फोडणी करपत नव्हती. मी रेडिओवर मराठी बातम्या वाचते, म्हणून माझ्या शब्दाला चौकशी समितीत वजन येईल, असं तू म्हणालास. इतक्या वर्षांत माझ्या नोकरीचं तुला पहिल्यांदाच कौतुक वाटलं. बरं वाटलं ऐकून.

तुला हवंय ते एवढंच, की 'झालंच' म्हणजे 'झालं' नव्हे, 'होतंय, थांब', असं मी लेखी द्यायचं. म्हणजे दोष अनुरागचा. दिल्लीत वाढलेलं पोर, मराठी कच्चं, मामाचं बोलणं कळलं नाही आणि विमान धावपट्टी सोडून चिखलात गेलं. भाच्याचं लायसन्स जाईल, पण कॅप्टनसाहेबांच्या टोपीला डाग लागणार नाही.

कॉकपिटमधलं बोलणं कागदावर उतरवलेलं अनुरागनं मला दाखवलं. उतरण्याआधी तो तपासणीचं कार्ड वाचतोय. "मामा, स्पीडब्रेक?" चाकं टेकली की पंखांवरच्या फळ्या उभ्या करून विमानाला रोखणारा तो दांडा तुझ्या बाजूला. तो आधी तयार करून ठेवायचा, डोळ्यांनी बघायचा आणि कार्डावर छापलेलं एकच इंग्रजी उत्तर द्यायचं. तू फरशीवाल्यानं कसं फसवलं ते सांगत होतास. मध्येच म्हणालास, "झालंच," आणि पुन्हा फरशी. दांडा जिथल्या तिथे.

"आई, मला वाटलं 'च' म्हणजे बिल्कुल हो गया," अनुराग म्हणाला. "आणि मामाला परत कसं विचारणार, यार?"

चूक त्याचीही आहे. दांड्याकडे त्यानं स्वतः बघायला हवं होतं. हे त्यानं समितीला पहिल्याच दिवशी सांगितलं, कुणी न विचारता. ही सवय माझ्या माहेरची नव्हे, बापाची असणार. तुझ्या वास्तुशांतीला तू म्हणाला होतास, "कार्ड वाचूनच विमान चालवायचं तर गुणवंतरावांना बसवू की." सगळे हसले. गुणवंत खरंच रजेच्या अर्जावरची तारीखसुद्धा दोनदा बघतात. त्यांच्यामुळे आजवर कुठल्या एअर होस्टेसचा खांदा मात्र निखळलेला नाही.

राहिला शब्दाचा अर्थ. तो मला रेडिओनं नाही, तू शिकवलास. आई जेवायला हाक मारायची, तू म्हणायचास, "आलोच." कामाचं विचारलं की, "झालंच." आणि ती शेवटची आजारी होती तेव्हा मी तुला फोन केला, तेव्हा तू म्हणालास, "निघालोच." मी आत जाऊन तिला सांगितलं, दादा निघालाय. तिनं विचारलं, "निघालो म्हणाला, की निघालोच म्हणाला?"

मी म्हटलं, निघालो. तू आलास तो तिच्या दहाव्याला, विमानं कशी उशिरा सुटतात ते सांगत. हे मी तुला आजवर बोलले नव्हते. तुझ्यावर ओरडावं एवढीही तुझी किंमत मला वाटली नव्हती. आज माझ्या मुलाच्या पोटावर पाय आलाय, म्हणून लिहितेय.

सोमवारी मी समितीपुढे येतेय. तू म्हणतोस तो अर्थ बरोबर आहे आणि मी तो लेखी देणार आहे. मजकूर आजच तयार केलाय: 'झालंच' म्हणजे काम झालेलं नाही, आणि बोलणाऱ्याला पुन्हा विचारलेलं खपत नाही. कुणी उदाहरण विचारलं तर आईचं सांगेन. अनुरागचं लायसन्स त्यानं वाचेल की नाही, माहीत नाही. पण चिखलात तो एकटा उभा राहणार नाही.

अकरा वाजता आहे. वेळेवर ये. निघालोच, असा फोन करू नकोस.

वहिनींना नमस्कार. शेवटी 'लोभ असावा' लिहायची रीत आहे. लोभ होता, एवढं लिहिते.

अलका