केबलीवर निजलेली कुत्री

सडक अर्जुनी,
मंडईच्या जत्रेनंतरचा सोमवार

आदरणीय खुमेंद्र भाऊजी,

धनलालचा कोपरापासून नमस्कार. ओमेश्वरीताईलाही नमस्कार सांगावा.

आपली प्रकृती ठणठणीत असणारच. दुसऱ्याला सल्ला देऊन स्वतः नागपुरात उन्हात खुर्ची टाकून बसणाऱ्या माणसाच्या प्रकृतीला काय धाड भरणार? इकडे तुलसा बरी आहे. मीही बरा आहे (उजवीकडची दाढ ठणकते, पण तिचा या पत्राच्या विषयाशी काही संबंध नाही). फोन आपण उचलत नाही, म्हणून पोस्टाने लिहितो. पोस्टमनने पुढे केलेलं पाकीट तरी आपण घ्याल, अशी आशा आहे.

तर आपण वीज खात्यात उभी हयात घालवलेले गृहस्थ. धानाच्या ट्रकची थप्पी आमच्या राइस मिलच्या तारांना अडकते, असं मी म्हटलं मात्र, आणि आपण लगेच फर्मान काढलंत, की तार जमिनीखालून ने. शिवाय वर ट्रक फिरतात आणि खाली घुशी पोसलेल्या (आमच्या घुशी तांदळावर वाढतात, त्यांच्या अंगी नागपूरच्या कारकुनापेक्षा जास्त बळ असतं), तेव्हा कवचाची केबल घे. आता कवच म्हणजे केबलीभोवती गुंडाळलेलं धातूचं चिलखत, एवढं मलाही कळतं. मी काही अडाणी नाही. धान वाळलं की नाही हे मी दाणा दाताखाली धरून सांगतो, आणि पंचक्रोशीत माझा शब्द कोणी खाली पडू देत नाही.

गोंदियात भैय्यालालच्या दुकानात गेलो. हा मनुष्य गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून मत बनवतो. त्याच्याकडे पोलादी पट्ट्यांचं कवच, पोलादी तारांचं कवच आणि कोपऱ्यात ॲल्युमिनियमच्या तारांचं कवच. ॲल्युमिनियम! आमच्या घरचं ॲल्युमिनियमचं भगुणं वरण घोटताना पोचे खातं, आणि ते म्हणे ट्रक झेलणार! मी माझ्या पद्धतीने पारख केली आणि पोलाद घेतलं. भैय्यालाल लगेच म्हणाला, “सही पकडे सेठ, लोहा तो लोहा होता है.” तीन तारा एकाच कवचात बसवलेली जाड केबल त्याच्याकडे शिल्लक नव्हती, म्हणून तीन सुट्या घेतल्या. प्रत्येकीला स्वतंत्र पोलादी कवच. राजेरजवाड्यांनाही अंगाभोवती एवढं लोखंड मिळालं नसेल.

नाली खणली, केबली पुरल्या, नारळ फोडला. मिल दोन दिवस झोकात चालली. तिसऱ्या दिवशी बघतो तो गावातली यच्चयावत कुत्री फाटकापासून मिलच्या दारापर्यंत एका ओळीत निजलेली. हाकलली तर परत येऊन त्याच ओळीत आडवी. हात लावून पाहिला तर जमीन कोमट! थंडी मी म्हणत होती, त्यामुळे कुत्र्यांमागून म्हातारी मंडळी पोती घेऊन आली. कोणी गुडघे शेकले, कोणी पाठ. गावात माझ्या नावाचा असा जयजयकार पूर्वी कधी झाला नव्हता. मग एके दुपारी जळका वास आला आणि मिल बंद पडली.

वायरमनने सांगितलं ते असं: घरची वीज सारखी उलटसुलट धावते. तीन तारा एका कवचात असल्या तर एकमेकींचा जोर मारून टाकतात आणि पोलाद थंड राहतं. एकटीच तार पोलादात कोंडली तर पोलादच तापतं. अशा एकटीला ॲल्युमिनियमचं कवच लागतं. हे ज्ञान मला केबल जमिनीत गेल्यावर मिळावं? मग घरात वीज खात्याचे जावई पोसून आमचा उपयोग काय? आपण फक्त “कवच घे” म्हणून मोकळे झालात. शाबास!

ऐन हंगामात मिल मुकी आहे, भाऊजी. बाबांनी ती बसवल्यापासून मंडईच्या दिवसांत कधी थांबली नव्हती. लोकांचं धान अंगणात पडून आहे. येत्या रविवारपर्यंत पट्टा फिरला नाही तर ते गाड्या भरून इंद्रकुमारच्या मिलवर नेणार, आणि एकदा तिकडे गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. इंद्रकुमार रोज मोटारसायकलवरून जाताना आमच्या कुत्र्यांची विचारपूस करतो. मला ते फार लागतं.

असो. आपल्या विद्वत्तेने आणखी कोणाचं घर शेकू नये, एवढीच प्रार्थना.

आपला (नात्याने बांधला गेलेला) मेहुणा,
धनलाल

ता. क. आपण यावंच असं नाही. पण शनिवारी सहज इकडून जाणं झालंच, तर गोंदियाच्या दुकानात सोबत याल का? भैय्यालाल मला पुन्हा काहीतरी चिकटवेल.

ता. क. भाऊजी, मी तुलसा. पाकीट बंद कराले माह्या हाती देलं, म्हणून लिहून राहिली. सुट्या तारा घेतल्या त ॲल्युमिनियमचंच कवच घ्या, असं तुमी फोनवर सांगतलं होतं. दोनदा सांगतलं, मी बाजूलेच बसली होती. हे दुकानात गेले अन् धानाचा दाणा पाहावं तशी तार दाताखाली धरून पाह्यली. ॲल्युमिनियमवर दाताची खूण उमटली, म्हणून ते नापास. लोखंडानं दाढ फुटली, म्हणून ते पास. आता रोज सकाळी जाऊन बंद मिलमंदी एकटेच बसतेत, जेवाले बलावलं त येत नाही. माफी मागनं त्यायले जमत नाही, पण वाट तुमचीच पाहून राहिले. शनिवारी नक्की या. अन् दुकानात तार त्यायच्या हाती देऊ नोका, डावीकडची दाढ अजून साबूत आहे.