शनिदर्शनाचा अधिकारक्रम

मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी, हळ्ळीखेड

पंचांगवाचनधुरंधर, ग्रहगणितमार्तंड, स्वगृहचक्रवर्ती अस्मादिक आज अत्यंत क्रोधाविष्ट आहेत. शाळेच्या पटांगणात सरकारी दुर्बीण आली. शनीचे कडे सर्वांस दाखविणार, अशी दवंडी होती. जन्मभर शनीचे गणित मांडणारे आमचे वडील, मोतीबिंदूने सोडलेला एकच डोळा घेऊन, सर्वांआधी जाऊन बसले. परंतु दर्शन हुद्द्याच्या क्रमाने! तहसीलदार, त्यांचे मेहुणे, मेहुण्यांच्या सासूबाई...

“आमची पाळी कवा यायलीय?” वडिलांनी विचारले.

“थांबा अप्पा, साहेबाचे पाव्हणे बघायलेत,” चपराशी म्हणाला.

तेवढ्यात शनी मावळला. दुर्बीण उद्या बिदरला जाणार.

“मी मांडलेल्या घटकेलाच मावळला बघ. असू दे,” वडील म्हणाले.

असू कामून दे? तो एक डोळा पुढील वर्षी उरेल? आणि दर्शनासाठी पटांगणात काढून ठेवलेला माझा डावा जोडा कोणी नेला, तेही कोणी सांगेना.