चौकट, पद्धत आणि हेदवाडीचा साकव

मु. टोकावडे, ता. मुरबाड
३ जुलै १९६१

तीर्थस्वरूप मामा,

तुमच्या आणि मामींच्या पायांवर सावळारामचं डोकं टेकलं आहे असं समजावं. (प्रत्यक्षात ते सर्दीमुळे पंच्यात गुंडाळलेलं आहे.) मामींचे गुडघे या दमट हवेत कसे आहेत? तुमची नवी कवळी बसली का? मागच्या कार्डात लिहिलं होतंत की ती घातली की 'श' म्हणता येत नाही आणि काढली की भाकरी खाता येत नाही. वाशिंदच्या शाळेत पस्तीस वर्षं मुलांकडून शुद्ध उच्चार करून घेतलेल्या माणसावर ही वेळ यावी याचं फार वाईट वाटलं. मी इथे खुशाल आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. तुम्ही विचारलंत, "तुझ्या पत्रांत सारखी चौकट आणि पद्धत येते. तू ग्रामसेवक आहेस की सुताराकडे लागलास?" मामा, रागावू नका, पण हे दोन शब्द या वर्षी आमच्या खात्याला गोवरासारखे आले आहेत. फेब्रुवारीत शहापूरला आमचं तीन दिवसांचं शिबिर झालं. तिथे पुण्याच्या एका व्याख्यात्यांनी दोन तास समजावलं की कोणतंही काम तडीस नेण्याची एक असते चौकट आणि एक असते पद्धत, आणि या दोहोंत जमीनअस्मानाचं अंतर असतं. ते अंतर नेमकं कोणतं हे सांगायच्या वेळी जेवणाची घंटा झाली. पण माझे दोन्ही साहेब तिथून पक्के होऊन परतले. धारपसाहेब पद्धतवाले झाले आणि निमकरसाहेब चौकटवाले. हेदवाडीच्या ओढ्यावर लाकडी साकव बांधून घेण्याचं काम मात्र दोघांनीही माझ्याच गळ्यात घातलं.

हेदवाडी म्हणजे टोकावड्यापासून तासाभराच्या चालीवर डोंगराच्या कुशीतली अकरा घरांची वाडी. ती आणि खालचं गाव यांच्यामध्ये एक ओढा आहे. उन्हाळ्यात त्यात शेळ्या झोपतात, आणि आषाढात तो असा वाहतो की वाडी चार-चार दिवस तुटते. साकव कशाला हवा हे मला वाडीतल्या जैतूने पहिल्याच दिवशी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला, लहानीला, भर पुरात कळा सुरू झाल्या. सुईण भिमी राहते खालच्या गावात. ती धावत ओढ्यापर्यंत आली, पण पलीकडे जाणार कशी? मग लहानीला काठावरच्या मांडवाखाली आणून निजवलं आणि भिमीने या काठावरून ओरडून ओरडून बाळंतपण केलं. आता पाणी तापव, आता पाठ दाब, आता थांब, आता जोर कर. पाण्याच्या आवाजात निम्मं ऐकू जात होतं आणि निम्मं वाडीतल्या बायका अंदाजाने करत होत्या. पोर जगलं, लहानीही जगली, पण भिमीचा आवाज त्यानंतर महिनाभर फुटला नाही. जैतू हे सगळं सांगताना हसत होता. मग हसायचा थांबला आणि म्हणाला, "साहेब, आता ती परत दोन जिवांची हाय. दिस आषाढातच भरतान." (मला कोणी साहेब म्हटलं की मी मागे वळून बघतो. त्या दिवशी नाही बघितलं.)

तर मी धारपसाहेबांची पद्धत घेऊन कामाला लागलो. पद्धत म्हणजे एक चोपडी. तिच्यात साकवाच्या एकतीस पायऱ्या, पहिली झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. पहिली पायरी, ओढ्याच्या पुराची सर्वांत उंच खूण जाणत्या माणसाला विचारून नोंदवणे. मी तीन जाणती माणसं गाठली. एकाने गुडघ्याला हात लावला, दुसऱ्याने छातीला. तिसऱ्याने, म्हणजे वाडीतल्या सर्वांत म्हाताऱ्या बुधूने, आंब्याच्या शेंड्याकडे बोट केलं. मी तिन्ही नोंदवल्या. चौथी पायरी, साकव समिती नेमणे. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, देखरेख-प्रमुख, हत्यार-प्रमुख, पाणी पाजणारा प्रमुख अशी एकूण चौदा पदं. घरं अकरा! काहींना दोन-दोन पदं द्यावी लागली. दुसऱ्या दिवशी कुदळ उचलायला कोणीच येईना, म्हणून चौकशी केली तर बुधू म्हणाला, "आमी समद्ये परमुख झालो. काम करनारा कोन उरला नाय." यात त्याची काही चूक होती असं मला अजूनही वाटत नाही. एप्रिल संपला तेव्हा मी सहाव्या पायरीवर होतो.

मेच्या मध्यावर निमकरसाहेब जीपमधून आले. त्यांनी चोपडी चाळली, मिटली आणि काठीने धुळीत एक चौकोन काढला. म्हणाले, ही चौकट. हिच्यात चारच गोष्टी. कामाचा जबाबदार एक माणूस, तो जैतू. रोज सकाळी सगळ्यांनी ओढ्यावर उभ्या उभ्या, एक विडी संपेपर्यंत, काल काय केलं, आज काय करणार आणि अडतंय कुठे हे सांगायचं. दर बाजारच्या दिवशी जेवढं झालं तेवढं सगळ्यांना दाखवायचं. आणि माणूस ओझ्यासकट पलीकडे गेला की साकव झाला असं समजायचं. कसा बांधायचा ते तुमचं तुम्ही ठरवा, असं म्हणून ते जीपमध्ये बसले. (त्यांच्या चाकाखाली चौकट पुसली गेली, पण तोपर्यंत आम्हाला पाठ झाली होती.)

आणि काय सांगू मामा, वाडीत जीव आला! चौदा प्रमुख पुन्हा माणसं झाले. हेदवाडीकडून बुधूची मंडळी लागली, खालच्या गावाकडून गोमा नावाच्या बैलगाडीवाल्याची मंडळी लागली. खांब रोवले, त्यांवर वासे चढले. रोज सकाळी विडी पेटायची, माणसं बोलायची. फक्त बुधूची माणसं त्यांच्या काठावर उभी राहून आपसांत बोलायची आणि गोमाची माणसं आपल्या काठावर. जैतू वाडीचा, तो वाडीकडेच उभा. मी एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे असायचो आणि दोन्हीकडचं ऐकून माझी वही भरत होतो. वही इतकी सुंदर भरत होती की मी मान वर करून ओढ्याकडे बघितलंच नाही.

पहिला बाजारचा दिवस आला. आठवड्याचं काम दाखवायला दोन्हीकडची मंडळी जमली आणि तेव्हा कुठे सगळ्यांनी ओढ्याकडे नीट बघितलं. ओढ्याच्या मध्यावर एक लांबट काळा खडक आहे. बुधूचा अर्धा साकव त्याच्या वरच्या टोकाशी येऊन थांबला होता आणि गोमाचा अर्धा त्याच्या खालच्या टोकाशी. मधे सात हातांचं अंतर. भांडण झालेले दोन शेजारी तोंड फिरवून एकमेकांजवळून जातात तसे ते दोन साकव दिसत होते.

मग जे व्हायचं ते झालं. गोमा म्हणाला आमचा सरळ हाय, बुधू म्हणाला तुमचा आंधळ्याने बांधलाय. कोणी कोणाचा मोडायचा यावर एवढा आरडाओरडा झाला की मी वही शर्टाच्या आत लपवली. जैतू खाली मान घालून उभा होता. जबाबदार माणूस तोच ना! मे संपत आला होता. एक बाजू मोडून पुन्हा बांधायला दिवस नव्हते आणि वासेही नव्हते. मला तर वाटलं, बदलीचा अर्ज करावा.

तेव्हा लहानी पुढे आली. आठ महिने भरलेले. बुधूच्या अर्ध्या साकवावरून ती हळूहळू चालत गेली (जैतू ओरडत होता, तिने ऐकलं नाही), खडकावर उतरली आणि मधोमध बसली. म्हणाली, "मी हितून उठायची नाय. तुमी दोनीकडून माझ्यापरयंत या."

गोमा म्हणाला, "अगो, खडक पुरात बुडला तं साकव जाईल ना!"

"नाय बुडत," ती म्हणाली. "त्या दिशी मी मांडवाखाली पडली होती ना, दिसभर याच्याकडंच बगत होती. म्हटलं, हा बुडला तं मी पन गेली. हा बुडला नाय."

गोमाने विडी विझवली आणि वासा उचलला.

खडकावरून फळ्या टाकून दोन्ही अर्धे जोडायला घेतले. आधी वासा बांधला, मग पाचर ठोकली. वासा सरकला आणि त्यावर उभा राहून सूचना देणारा मी कोरड्या ओढ्यात पडलो. दुसऱ्यांदाही तसंच. तेव्हा मला चोपडीची आठवण झाली. एकोणिसावी पायरी, "वासा खडकावर टेकवताना आधी खाच पाडावी, मग पाचर ठोकावी, मग बांधावे, क्रम उलटल्यास वासा सरकतो." मी खाली बसल्या बसल्या मोठ्याने वाचलं, बुधूने खाच पाडली, आणि मग गोमाने सहा माणसं नाचवली तरी वासा हलला नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळची विडी दोन्हीकडच्यांनी खडकावर एकत्र ओढायची असं जैतूने ठरवलं. आठ दिवसांत भाताची गोणी डोक्यावर घेऊन तो वाडीतून खालच्या गावात पोचला. साकव झाला.

मामा, मला जे कळलं ते एवढंच. कोणी कोणाशी कधी बोलायचं, कोणी जबाबदार व्हायचं आणि काम झालं हे कशावरून ओळखायचं, ती चौकट. आधी खाच, मग पाचर, ती पद्धत. नुसत्या पद्धतीने आमचे सगळे प्रमुख झाले आणि नुसत्या चौकटीने दोन अर्धे साकव. गेल्या पंधरवड्यात दोन्ही साहेब पाहणीला आले. धारपसाहेब एका टोकाला उभे राहून म्हणाले, हा पद्धतीचा विजय. निमकरसाहेब दुसऱ्या टोकाला उभे राहून म्हणाले, हा चौकटीचा विजय. मी खडकावरच्या मधल्या वाकणात उभा राहून दोघांनाही हो म्हणालो. धारपसाहेबांच्या तक्त्यात "साकव सरळ आहे काय?" असा रकाना होता. त्यात मी "बहुतांशी" असं लिहिलं.

मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. तुमच्या मायेतला,

सावळाराम

ता. क. — एक अडचण आहे. या यशामुळे मला शहापूरच्या पुढच्या शिबिरात साठ ग्रामसेवकांसमोर "चौकट व पद्धत यांतील भेद" यावर तासभर बोलायला सांगितलं आहे. मला जे कळलं ते वर चार ओळींत संपलं. उरलेल्या पंचावन्न मिनिटांचं भाषण तुम्ही लिहून पाठवाल का? शुद्ध भाषेत, मधे दोन संस्कृत वचनं असली तर बरं. पत्र लिहिलं ते खरं तर एवढ्यासाठीच.

ता. क. दुसरा — दोनदा ओढ्यात पडलो असं लिहिलं आहे. तिसऱ्यांदाही पडलो होतो. त्यात पाय मुरगळला आणि शेवटचे आठ दिवस मी टोकावड्याला खाटेवर होतो. म्हणजे साकव पुरा झाला तो मी तिथे नसताना. हे मामींना सांगितलंत तरी चालेल, शिबिरात कळू देऊ नका.

ता. क. तिसरा — पाकीट चिकटवणार तोच जैतू भिजून आला. ओढा दोन्ही थड्या भरून चालला आहे. दुपारी लहानीला कळा सुरू झाल्या. भिमी साकवावरून धावत गेली आणि वेळेवर पोचली. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत आणि भिमीचा आवाजही शाबूत आहे, कारण पोचल्या पोचल्या तिने जैतूला निरोप दिला की त्या सावळारामला सांग, वाकणावर धरायला काही नाय, मी पाण्यात जात होती. तेव्हा मामा, भाषणाचं राहू द्या. वाशिंदला चांगला काथ्याचा दोर मिळतो, त्यातला साठ हात उद्याच्या गाडीने पाठवा.